रमाईच्या लेकींनी मागेच का राहावे?

दरवर्षी 7 फेब्रुवारीला माता रमाईंची जयंती येते आणि दापोली तालुक्यातल्या वणंद गावी समाजाची रीघ लागते. व्यासपीठावरून रमाईंच्या त्यागाची महती सांगितली जाते, आणि ती सांगितली गेलीच पाहिजे. पण त्याच तालुक्यातल्या केळशीसारख्या गावातल्या बौद्धवाडीतून एखादा पोरगा शिष्यवृत्तीवर परदेशी निघतो, नवी सून मागे राहते, तेव्हा तिलाही रमाईंचेच उदाहरण दिले जाते. "रमाईने नाही का सोसले?" या प्रश्नाला आमचा सक्त आक्षेप आहे.

रमाई हौसेने मागे राहिल्या नव्हत्या. 1913 साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले ते बडोदा संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडांवर. 1920 साली लंडनला गेले ते उसनवार करून. त्या पैशात दोघांचा संसार तिकडे कसा उभा राहणार होता? म्हणून परळच्या चाळीत रमाईंनी दिवस काढले. त्यांच्या आयुष्यात चार लेकरे गेली. ही ताटातूट दारिद्र्याने आणि जातिव्यवस्थेने लादलेली होती. तिला संसाराचा आदर्श ठरवणे म्हणजे त्या दारिद्र्याच्याच गळ्यात हार घालणे होय.

कोकणातल्या बाईला वाट पाहणे नवीन नाही. नवरा मुंबईच्या गिरणीत, बायको गावात मनीऑर्डरची वाट पाहत. पुढे आखात आले. तिथेही कुटुंब नेण्याची मुभा पगार पाहून मिळते. संयुक्त अरब अमिरातीत 2019 पासून 4 हजार दिरहॅम पगार, किंवा 3 हजार आणि राहण्याची जागा, अशी अट आहे. कामगार छावणीतल्या माणसाला तो आकडा गाठता येत नाही.

आता बाबासाहेबांच्याच दोन विद्यापीठांची वाट धरून पाहू. आज कोलंबियात शिकायला जाणाऱ्याच्या पत्नीला एफ-2 व्हिसा मिळू शकतो. मात्र त्यावर तिला नोकरी करता येत नाही. शिकलेली, कमावती मुलगी तिकडे जाऊन घरात बसते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बाबासाहेबांनी एम.एस्सी. केली, पण आज तिथे वर्षभराच्या तशा शिकवणीच्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्याला जोडीदार नेताच येत नाही. जानेवारी 2024 पासून ब्रिटनने हे दार बंद केले. पीएच.डी. व संशोधनाच्या पदव्या आणि सरकारी शिष्यवृत्तीवाले काही विद्यार्थी तेवढे वगळले. आपल्या राज्याची शिष्यवृत्ती त्यात धरली जाते का, हे प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनाला व्हिसाच्या खिडकीवर किंमत नाही.

दार उघडे असले तरी उंबरठा उंच आहे. लंडनला जोडीदार न्यायचा तर तिच्या नावे महिना 845 पौंड याप्रमाणे नऊ महिन्यांची रक्कम बँकेत 28 दिवस दाखवावी लागते. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड. नऊ महिन्यांचा हिशेब 7605 पौंड, म्हणजे 8 लाख रुपयांच्या वर जातो. आणि शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची कमाल मर्यादा 8 लाख! एकीकडे गरीब असल्याचा दाखला द्यायचा आणि दुसरीकडे श्रीमंतीचा. एकाच माणसाने दोन्ही आणायचे कुठून?

जर्मनीचा मार्ग वेगळा आहे. तिथे जोडीदाराला साधारणतः जर्मन भाषेची ए-1 परीक्षा द्यावी लागते, पण पोहोचल्यावर कामाची परवानगी असते. अमेरिकेपेक्षा हे आम्हाला जास्त न्यायाचे वाटते. पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवनात ही परीक्षा होते. केळशीच्या मुलीला तिथे राहून शिकायचे तर पुन्हा खोली, खानावळ, फी आलीच.

आता आपल्या घरातली उणीव. त्रिशरण-पंचशील घेऊन लग्न लागते, बौद्धाचार्य दाखला देतात आणि तो कपाटात जपून ठेवला जातो. वकिलात मात्र सरकारी विवाह नोंदणी मागते. सर्वोच्च न्यायालयाने 2006 सालीच प्रत्येक विवाहाच्या नोंदणीचा आदेश दिला. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याने ती 90 दिवसांत करायची असते आणि गावात ग्रामपंचायतीतच होते. मुदत टळली तरी जादा शुल्क भरून करता येते. तरीही कित्येक जोडपी तिकीट काढायच्या वेळी जागी होतात. मग शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पासपोर्टवर स्पेलिंग तिसरेच! लग्नानंतर पासपोर्टवरचे नाव बदलण्याची सक्ती नाही, हेही अनेकींना कोणी सांगत नाही. मंडपात वक्त्यांना तासभर देणाऱ्या मंडळींनी नोंदणीच्या अर्जाला दहा मिनिटे द्यावीत.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या 75 जागांत मुलीही जातात, तेव्हा मागे राहणारा नवरा असतो. त्याला मात्र कोणी त्यागमूर्ती म्हणत नाही. असो. ही शिष्यवृत्ती शुल्क, निर्वाह भत्ता आणि विद्यार्थ्याचे विमानभाडे देते. तिच्या हिशेबात विद्यार्थी एकटाच असतो. विवाहित विद्यार्थ्याच्या जोडीदाराचे व्हिसा शुल्क, आरोग्य अधिभार आणि विमानभाडे शासनाने द्यावे. बँकेत दाखवायच्या रकमेसाठी वित्तीय हमीपत्र द्यावे. आणि ज्या देशात सरकारी शिष्यवृत्तीला सूट आहे, तिथे ही शिष्यवृत्ती तशीच असल्याचे पत्र निवडपत्रासोबतच मिळावे. या मागण्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे लेखी गेल्या पाहिजेत, आणि त्या पुढची जाहिरात निघण्यापूर्वी गेल्या पाहिजेत.