समुद्राकाठी एक दिवस

नागपूरहून विशाखापट्टणमला जायचे तर समता एक्सप्रेस आहे. गाडीचे नाव ऐकूनच आमच्या वृद्ध आईने डब्यातले साठवलेले पैसे पुढे केले. रजा थोडी, खिसा कारकुनाचा आणि घरची माणसे पाच. शहर पाहायला एकच दिवस मिळणार होता.

पहाटे रामकृष्ण बीचवर गेलो. मुंबईच्या समुद्रात सूर्य बुडतो, इथे तो समुद्रातून वर येतो. आईने यापूर्वी समुद्र एकदाच पाहिला होता, दादरला, सहा डिसेंबरच्या गर्दीत, तोही लांबून.

मुलांनी कैलासगिरीच्या रोपवेचा हट्ट धरला होता. आई म्हणाली, "मले तं भिक्खू राह्यचे तो डोंगर दाखव." दोन्हीकडे जाण्याइतके रिक्षाभाडे आमच्याजवळ नव्हते. थोरला रुसून बसला. खरे सांगायचे तर पोरांचा हिरमोड आमच्याही जिवावर आला होता. पण आईचे गुडघे पुन्हा इतक्या लांब येतील याची खात्री कोण देणार?

भीमिलीच्या रस्त्याने सुमारे पंधरा किलोमीटरवर तोटलाकोंडा आहे. वरपर्यंत वाहन जाते. नौदलाच्या तळासाठी हवाई पाहणी झाली तेव्हा हे स्थळ उजेडात आले, आणि १९८८ ते १९९३ या काळात राज्याच्या पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा थेरवादी संघाराम. स्तूप, चैत्यगृहे, भिक्खूंच्या खोल्यांचे पाये. इथे सातवाहनांची नाणी सापडली, म्हणजे आपल्या पैठणच्या राजांची, आणि थेट रोमची चांदीची नाणीसुद्धा.

"मूर्ती कुठं हाय?" आईने विचारले. त्या काळी स्तूप आणि पाउलांनाच वंदन करीत, असे आम्ही सांगितले. तिला ते फारसे पटले नसावे. मात्र भोजनशाळा आणि स्वयंपाकाची जागा दाखवली तेव्हा ती तिथेच थांबली. जन्मभर तिने लोकांच्या घरची भांडी घासली आहेत. खडकात खोदलेल्या टाक्यांवरूनच या डोंगराला नाव पडले. ती टाकी पाहून तिने हळूच विचारले, "सर्वे एकाच टाक्याचं पानी पेत असन का रे?"

आम्ही हो म्हटले. नद्या समुद्राला मिळाल्या की आपली नावे टाकतात, तसेच संघात येणाऱ्याचे होते, ही तथागतांची उपमा तिला सांगितली. समुद्र समोरच होता. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. थोरल्याने न सांगता तिला हात देऊन उठवले.

सायंकाळी 'कुरसुरा' पाणबुडी पाहिली. सोव्हिएत बनावटीची, १९६९ मध्ये नौदलात आलेली, २००१ मध्ये निवृत्त झालेली, आणि २००२ पासून वाळूवर संग्रहालय म्हणून उभी. आतले गोल दरवाजे इतके अरुंद की आई बाहेरच पिशव्या सांभाळत बसली. एवढ्याशा जागेत इतके खलाशी झोपत तरी कसे, हे धाकटीला अजून उलगडलेले नाही.

रोपवे राहिला. थोरल्याने ती बाकी आमच्या नावावर मांडून ठेवली आहे.