सिकलसेलची जनुकीय कात्री: कुठे कापायचे, हे कसे कळले?

तुमच्या घरात सिकलसेलचा रुग्ण असेल, तर ‘कॅसजेव्ही’चे नाव कानावर आले असेल. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या उपचाराला मान्यता दिली. परिणाम मोजता आला अशा ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने वेदनांचा तीव्र झटका आला नाही. गंमत म्हणजे, यात सिकलसेलच्या सदोष जनुकाला हातही लावत नाहीत.

मग कापतात काय? पोटातल्या बाळाच्या रक्तात वेगळे, गर्भीय हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर बीसीएल११ए हे प्रथिन त्याचे जनुक दाबून टाकते. हा दाब काढला, की गर्भीय हिमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि लाल पेशी विळ्यासारख्या वाकणे कमी होते.

प्रथिन डीएनएवर कुठे बसते, हे पाहण्याची जुनी पद्धत म्हणजे ‘चिप’. फॉर्मल्डिहाइडने प्रथिन डीएनएला चिकटवायचे, ध्वनिलहरींनी डीएनएचे तुकडे करायचे आणि अँटीबॉडीच्या मदतीने त्या प्रथिनाला धरून असलेले तुकडे वेगळे काढून वाचायचे. तुकडे मोठे असल्याने जागा ढोबळच कळते. अँटीबॉडी खराब असेल तर सगळेच फसते. ‘कट अँड रन’ या नव्या पद्धतीत अँटीबॉडीला धरून बसलेले विकर प्रथिनाच्या अगदी कडेने डीएनए कापते. २०१८ मध्ये हार्वर्डच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने याच पद्धतीने दाखवले, की बीसीएल११ए गर्भीय जनुकाच्या सुमारे ११५ अक्षरे आधी बसते.

पण बसणे म्हणजे बंद करणे नव्हे. ती जागा बिघडवल्यावर हिमोग्लोबिन खरेच वाढते का, हे पाहावेच लागते. इथे निसर्गानेही साक्ष दिली: त्या जागेत जन्मतः बदल असलेल्या काही लोकांत मोठेपणीही गर्भीय हिमोग्लोबिन भरपूर असते. ‘जनुकाचे बटण सापडले’ अशी बातमी आली, की मी आधी असा पुरावा शोधतो.

कॅसजेव्ही मात्र दुसरीकडे कापते. बीसीएल११ए शरीरातून पूर्ण काढता येत नाही. मेंदूला आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींना ते लागते. २०१३ मध्ये त्याच्याच जनुकात फक्त लाल पेशी बनताना चालणारा नियंत्रक भाग सापडला होता. तिथे गाटा१ हे प्रथिन बसते. त्याची बैठक तोडली, की लाल पेशींपुरते बीसीएल११ए घटते.

दुरुस्त पेशी परत देण्याआधी बुसल्फान या केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. त्यात वंध्यत्वाचा धोका आहे. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. तेव्हा बातमी वाचून रुग्णाचे हायड्रॉक्सियुरिया बंद करू नका; तेही गर्भीय हिमोग्लोबिनच वाढवते.