लेखनिकाचे नाव नसलेल्या प्रती

कवितासंग्रहाची छपाई फिकी झाली, ओळी किंचित तिरप्या बसल्या, कागद पिवळट निघाला, तरी कविता शाबूत राहते. वाचक छपाई ओलांडून शब्दांपाशी पोहोचतो आणि एखादा मुद्रणदोष आढळलाच तर संदर्भाने तो मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. छायाचित्रांच्या पुस्तकाला ही सोय नाही. तेथे शाईच्या मागे दुसरी संहिता उभी नसते. कागदावर उमटलेल्या काळ्या-करड्या छटा हीच संहिता. सावलीतला चेहरा काळ्या डागात बुडाला, तर तो कोणत्याही संदर्भाने परत मिळवता येत नाही. म्हणूनच मागणीनुसार छापून मिळणाऱ्या छायाचित्र-पुस्तकांच्या दर्जाचा प्रश्न हा केवळ छायाचित्रकारांच्या गाऱ्हाण्याचा विषय आहे, असे आम्हांस वाटत नाही. तो संहितेचा प्रश्न आहे, आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकांचाही आहे.

प्रथम या पद्धतीचे ऋण मान्य केले पाहिजे. ऑफसेट छपाईत प्रत्येक रंगासाठी प्लेट करावी लागते, यंत्र जुळवताना बरेच कागद वाया जातात, आणि हा सारा खर्च निदान काही शे प्रतींवर वाटला गेल्याखेरीज परवडत नाही. डिजिटल यंत्राला प्लेट लागत नाही. ते एक प्रतही छापू शकते. या शतकाच्या पहिल्या दशकात घरबसल्या फाइल पाठवून पुस्तक मागवण्याच्या सेवा सुरू झाल्या आणि ज्यांच्या कामाकडे एकाही प्रकाशकाने पाहिले नसते, अशा अनेकांच्या हाती स्वतःचे पुस्तक आले. हे लहान काम नव्हे.

परंतु हाती आलेले हे पुस्तक नेमके कोणते? आमच्यापैकी एकाच्या कृष्णधवल छायाचित्रांचे ऐंशी पानी पुस्तक अशाच एका सेवेकडून छापून घेतले गेले. फाइल एकच, प्रती तीन, तीन वेगवेगळ्या महिन्यांत मागवलेल्या. पहिल्या प्रतीतील करड्या छटांवर हिरवट झाक होती. दुसरीत तीच झाक गुलाबी झाली. तिसरीत रंग तटस्थ होते, पण पडवीच्या अंधारात बसलेल्या म्हातारीचे हात, जे त्या चित्राचे सर्वस्व होते, ते दिसेनासे झाले. तक्रार केल्यावर सेवेने सौजन्याने नवी प्रत पाठवली. ती या तिघींहून वेगळी निघाली! दोष दूर झाला नाही. आमच्या संग्रहात चौथा पाठ तेवढा जमा झाला.

यामागची कारणे गूढ नाहीत. पडद्यावरचे चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे असते. छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईची असते. पहिल्याचे दुसऱ्यात भाषांतर करावे लागते, आणि पुष्कळ सेवा ते भाषांतर स्वतःच्या यंत्रणेवर सोपवून मोकळ्या होतात. कृष्णधवल चित्रही बहुधा चारही शायांनी छापले जाते. त्यांचा तोल जरासा ढळला तर रंगीत चित्रात तो खपून जातो. करड्यात मात्र डोळा ते क्षणात पकडतो. यंत्राची त्या दिवशीची अवस्था, कागदाचा नवा गठ्ठा, हवेतील दमटपणा, या साऱ्यांचा परिणाम होतो. शिवाय एकच सेवा ग्राहकाच्या पत्त्यानुसार निरनिराळ्या ठिकाणच्या छापखान्यांकडे काम पाठवू शकते. म्हणजे पुण्यातील आणि लंडनमधील वाचकाच्या हातांतील प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर निघालेल्या असू शकतात. त्यात बांधणी बहुधा शिवलेली नसून डिंकाची असते. असे पुस्तक पुरते उघडत नाही, आणि दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग कण्यात गडप होतो.

यावर एक आक्षेप असा येईल की स्वस्त वस्तूकडून राजेशाही छपाईची अपेक्षा का करावी? आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे १९५२ चे ‘इमाज आ ला सोव्हेत’ हे पुस्तक द्रेगेर बंधूंच्या छापखान्यात ग्रॅव्हूर पद्धतीने छापले गेले, मुखपृष्ठ मातिस यांनी केले. ते भाग्य प्रत्येकाच्या वाट्याला कुठून यावे? पण आमचा मुद्दा श्रीमंतीचा नाहीच. एड रुशे या अमेरिकन चित्रकाराचे ‘ट्वेंटिसिक्स गॅसोलीन स्टेशन्स’ हे १९६३ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक त्याने स्वतःच काढले. साधी व्यापारी ऑफसेट छपाई, पेट्रोलपंपांची मुद्दाम निर्विकार वाटावीत अशी छायाचित्रे, पहिल्या आवृत्तीच्या ४०० क्रमांकित प्रती. आज ते छायाचित्र-पुस्तकांच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान मानले जाते. तेथील साधेपणा हा निर्णय होता, आणि तो प्रत्येक प्रतीत सारखा पोहोचला. मागणीनुसार छापलेल्या प्रतीतील हिरवट झाक हा कोणाचाच निर्णय नसतो. स्वस्त असणे आणि बेवारशी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

येथे आमच्या वाचकांना आपल्या परिचयाचे काही आठवेल. हस्तलिखितांच्या काळी प्रत्येक प्रत वेगळी असे. नकलांमधून पाठभेद शिरत, म्हणूनच एकनाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण करावे लागले. म्हणूनच भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले. मुद्रणाने हा प्रश्न पुष्कळ अंशी मिटवला. ‘आवृत्ती’ या शब्दाला अर्थ आला तो त्यामुळेच: एकाच वेळी, एकाच जुळणीतून निघालेल्या, परस्परांशी मिळत्या प्रतींचा समूह. ऑफसेटमध्येही पहिल्या आणि शेवटच्या प्रतीत थोडा फरक पडतो, हे खरे; पण तेथे यंत्रापाशी उभा राहून नमुन्याशी कागद ताडून पाहणारा माणूस असतो. एकेक प्रत मागवून छापताना आवृत्ती ही घटनाच उरत नाही. प्रत्येक प्रत हीच एक आवृत्ती होते आणि पाठभेद परत येतात. फरक इतकाच की हस्तलिखिताला लेखनिक असे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस सच्चिदानंदबाबांचे नाव लेखनिक म्हणून आदराने आले आहे. आमच्या चार प्रतींचा लेखनिक कोण, हे त्यांतील एकाही पानावर छापलेले नव्हते.

हे नाव छापण्याची सक्ती आपल्याकडे दीर्घकाळ होती. १८६७ च्या कायद्यानुसार भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे आवश्यक होते. सरकारचा हेतू पाळत ठेवण्याचा होता, यात शंका नाही. पण त्या ओळीचा एक अनपेक्षित लाभ असा झाला की बऱ्यावाईट छपाईला एक मालक मिळाला. २०२३ साली त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा आला आणि मार्च २०२४ पासून लागू झाला. त्याच्या कक्षेतून पुस्तके वगळली गेली आहेत. पाळतीचा एक जुना अवशेष गेला हे बरेच झाले. मात्र आता मुद्रकाचे नाव छापायचे ते सक्तीने नव्हे, तर स्वाभिमानाने.

मग करावे काय? या सेवांवर बहिष्कार घालावा असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे ज्यांना दुसरे दारच नाही त्यांच्या तोंडावर दार लावणे होय. पण काही शिस्त पाळता येईल. संपूर्ण पुस्तक मागवण्यापूर्वी सर्वांत अवघड चित्रांची, म्हणजे गडद सावल्यांची आणि फिकट आभाळाची, एक छोटी चाचणी-प्रत काढावी व ती दिवसाच्या उजेडात पाहावी. दोन पानांवर चित्र पसरवण्याचा मोह टाळावा. लागणाऱ्या प्रती, वीस असोत वा पन्नास, एकाच वेळी मागवाव्यात. जमल्यास गावातल्या किंवा जवळच्या शहरातल्या डिजिटल छापखान्यात जावे. लग्नाचे अल्बम छापणारे असे छापखाने आता मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाहीत, आणि नवरीच्या शालूचा रंग बिघडला तर गिऱ्हाईक समोर येऊन उभे राहते, हे तेथील कारागिराला पक्के ठाऊक असते. त्याच्या शेजारी तासभर उभे राहण्याने जे साधेल ते ढीगभर तक्रारींनी साधणार नाही. आणि श्रेयनामावलीत त्या छापखान्याचे नाव, कागदाचा प्रकार आणि छपाईचा महिना आवर्जून द्यावा.

समीक्षकांचीही एक जबाबदारी आहे. छायाचित्र-पुस्तकावर लिहिताना आपण विषय, दृष्टी, सामाजिक आशय यांविषयी भरभरून बोलतो आणि छपाईला शेवटच्या वाक्यात ‘निर्मिती देखणी’ असे म्हणून निरोप देतो. वास्तविक आपण कोणती प्रत पाहिली, ती केव्हा व कोठे छापलेली होती, हे सांगितल्याशिवाय ‘या चित्रात अंधार दाटून येतो’ असे विधान करण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो अंधार छायाचित्रकाराचा की यंत्राचा, हे आधी ठरले पाहिजे. जुन्या पोथीवर लिहिणारा संशोधक जी सावधगिरी स्वाभाविकपणे बाळगतो, तीच येथे हवी. पडवीतल्या त्या म्हातारीचे हात एका प्रतीत आहेत आणि दुसरीत नाहीत. एवढ्या फरकावर आपल्याकडे पाठचिकित्सेचे प्रबंध लिहिले गेले आहेत.