हवा टाइट!

तर मंडळी, मागच्या महिन्यात पन्हाळ्याच्या उतारावर माझी हवा टाइट झाली. गंमत म्हणजे ती टाइट झाली कारण गाडीची हवा टाइट नव्हती. शब्दांचा खेळ वाटेल, पण खरंच तसं झालं. सांगतो.

आमच्या घरात एक एस्टीम आहे. 1997 चं मॉडेल, पांढरी, कार्बोरेटरवाली. बाबांनी ती नवी घेतली तेव्हा मी शाळेत होतो आणि आख्ख्या गल्लीत आमची हवा होती. आता मी पुण्यात नोकरीला, सोमवार ते शुक्रवार एसीत बसून दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढतो आणि महिन्यातून एखाद्या वीकएंडला कोल्हापूर गाठतो. एस्टीम तिथेच, पत्र्याच्या शेडखाली. बाबा दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू करतात. गाडी विकायचा विषय मात्र कुणी काढत नाही.

या पावसाळ्यानंतर ती पाणी प्यायला लागली. रेडिएटरमधलं पाणी कमी व्हायचं आणि खाली थेंबही पडायचा नाही. सकाळी स्टार्ट केली की मागून पांढरा धूर. निदान लागलं ते इनटेक मॅनिफोल्डवर. कार्बोरेटर ज्यावर बसतो आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण जिथून चारही सिलिंडरना वाटलं जातं, तो हा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. थंड इंजिनात पेट्रोल नीट उडावं म्हणून याच्या पोटातून इंजिनाचं गरम पाणी खेळवलेलं असतं. आणि बाबांनी वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतलेलं. अ‍ॅल्युमिनियम आतून खाल्लं गेलं, पाणी थेट सिलिंडरकडे.

बाबा शिरोलीला फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. आयुष्यभर लाकडाचे साचे घडवले, ज्यावरून पुढे लोखंड ओतलं जातं. तो सडका मॅनिफोल्ड हातात घेऊन त्यांनी खिडकीच्या उजेडात फिरवला आणि म्हणाले, “ओतकाम चांगलं होतं. पाणी माझं चुकलं.” एवढंच. आमच्या घरात चूक कबूल करण्याचा हा विक्रम आहे.

नवा मॅनिफोल्ड मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मी पुण्याच्या जुन्या बाजारातून त्याच इंजिनाचा एक जुना मिळवला आणि ठरवलं की बॉस, हे काम मी करणार. यूट्यूब आहे, पाना-सेट आहे, दोन दिवस सुट्टी आहे. अजून काय लागतं?

लागतो तो नकाशा. मॅनिफोल्ड बदलणं म्हणजे नट, बोल्ट आणि गॅस्केट. ते काम दुपारपर्यंत झालं. खरा घोळ त्याला चिकटलेल्या काळ्या रबरी नळ्यांचा. एक ब्रेकच्या बूस्टरकडे जाते, एक डिस्ट्रिब्युटरकडे, एक इंजिनाच्या पोटातली वाफ परत ओढून घेते, आणि दोन-तीन अशा की त्या कुठून निघाल्या हे त्यांनाही आठवत नसावं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या त्या काळच्या गाड्यांना बॉनेटखाली या नळ्यांचा नकाशाच चिकटवलेला असायचा. आमच्या बॉनेटखाली फक्त धूळ. आणि मी, जो ऑफिसात बॅकअपशिवाय एक ओळ बदलत नाही, त्याने एकही फोटो न काढता सगळ्या नळ्या उपटल्या.

त्यात नवा (म्हणजे जुना) मॅनिफोल्ड वेगळ्या वर्षाचा. त्याला दोन निपल जास्तीची. बूस्टरच्या नळीचं तोंडही दुसऱ्या बाजूला. मूळची नळी पुरेना, म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानातून त्याच मापाची एक मऊ, मस्त वळणारी रबरी नळी आणली आणि छान यू-टर्न देऊन बसवली. जास्तीच्या निपलांना जुनी रबरी टोपणं होतीच. गाडी स्टार्ट झाली. आयडलिंग जरा चढं होतं, सू-सू असा बारीक आवाजही होता. मी स्क्रू फिरवून रेस खाली आणली आणि स्वतःवर खूश झालो. (डेव्हलपर मंडळींनो, एरर मेसेज बंद केला म्हणजे बग गेला, असं समजणाऱ्याला आपण काय म्हणतो?)

रविवारी बाबांना आणि माझ्या भाचीला घेऊन पन्हाळ्याला गेलो. चढताना गाडी झकास. वर झुणका-भाकर, तीन दरवाजा, फोटो वगैरे. उतरताना पहिल्या दोन वळणांना ब्रेक नीट लागला. तिसऱ्याला पेडल दगड. पाय दाबतोय आणि खाली जातच नाहीये. समोर वळण, पलीकडे दरी आणि मागच्या सीटवर भाची गाणं म्हणतेय.

बाबांचा आवाज चढला नाही. “पाय काढू नको. गिअर पाड. आता दोन्ही पायांनी दाब.” दुसरा टाकला, इंजिन किंचाळलं, क्लचवरचा पाय काढून तोही ब्रेकवर ठेवला. गाडी वळणाच्या आत सरकत सरकत कडेला थांबली. भाची म्हणाली, “मामा, आलं का कोल्हापूर?”

आता इथे जरा थांबू, कारण हे माहीत असणं उपयोगाचं आहे. माझे ब्रेक फेल झाले नव्हते. ऑइल, सिलिंडर, पॅड सगळं जागच्या जागी होतं. गेली होती ती मदत. पेट्रोल इंजिन हा एक हवेचा पंपच आहे. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की हवेची वाट बंद होते, पिस्टन मात्र ओढतच राहतात, आणि मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. तो नळीवाटे बूस्टरच्या डब्यात जातो. डब्यात एक मोठा पडदा. ब्रेक दाबला की त्याच्या एका बाजूला हा व्हॅक्यूम राहतो आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा शिरते. ही हवा प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलोने दाबत असते. पडदा आठ इंची धरला तर अर्ध्या व्हॅक्यूमलासुद्धा दीडशे किलोच्या पुढे जोर मिळतो. म्हणजे खासबागेतला एक पैलवान कायम तुमच्या पायाला जोर लावतोय. नळीत एका दिशेनेच उघडणारी झडप असते, त्यामुळे इंजिन बंद पडलं तरी दोन-तीन ब्रेकपुरता साठा उरतो. माझी पहिली दोन वळणं त्या साठ्यावर निघाली. तिसऱ्याला पैलवान घरी गेला.

कडेला बॉनेट उघडलं. माझी ती मस्त वळणारी नळी इंजिनाच्या उष्णतेने आणखी मऊ होऊन यू-टर्नवर चपटी पडली होती. रिबीन जशी. ती नळी आतून बाहेर ढकलणाऱ्या पाण्यासाठी बनवलेली. आतून ओढणाऱ्या व्हॅक्यूमपुढे तिने मान टाकली. बाबा बघत राहिले. काही बोलले असते तर बरं वाटलं असतं. उरलेला उतार आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, बैलगाडीच्या वेगाने, वाघबीळपर्यंत आणि तिथून तसंच घरी.

सोमवारची रजा टाकली आणि उद्यमनगर. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: कोल्हापूर म्हणजे फक्त तांबडा-पांढरा आणि चप्पल नव्हे. इथल्या मातीत ओतकाम आहे. बाबूराव पेंटरांनी विदेशी कॅमेऱ्याची वाट न बघता इथेच स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ आणला. शिवाजी उद्यमनगरातल्या गाळ्यांत आजही तोच स्वभाव भेटतो: वस्तू बघायची, उघडायची, बनवायची. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल ही पुढची पिढी.

आमच्या मिस्त्रींचं नाव छापायला त्यांची परवानगी नाही. त्यांनी बॉनेट उघडलं, दोन सेकंद ऐकलं.

“हवा खायालंय की इंजिन. कुणी बसीवली ही पाइप?”

“मीच.”

“इंजिनियर हाईस न्हवं?”

“सॉफ्टवेअर.”

“मग बरोबर.”

मी ज्ञान पाजळलं, की नेटवर वाचलंय, उदबत्तीचा धूर जिथे ओढला जातो तिथे लिकेज. ते म्हणाले, “पेट्रोलच्या गाडीपुढं आरती वोवाळायची न्हाई.” मग हातभर नळीचा तुकडा घेतला, एक टोक कानाला, दुसरं निपलांवरून फिरवत गेले, डॉक्टरसारखे. एका जास्तीच्या निपलापाशी थांबले आणि नळी माझ्या कानाला दिली. साप असावा असा फुत्कार. वरचं टोपण तडकलेलं. हीच माझी चढी रेस, जी मी स्क्रू फिरवून झाकली होती.

मग मीटर जोडलं. काटा 11 इंचांवर थरथरत होता. नवी टोपणं, क्लिपा, बूस्टरला आत कापडाचे थर असलेली जाड नळी, व्हॅक्यूमसाठीचीच, आणि वळण इतकं मोठं की कुठे घडी पडणार नाही. रेसचा स्क्रू पुन्हा मूळ जागी. डिस्ट्रिब्युटरची नळी तर मी थेट मॅनिफोल्डवर लावली होती. ती त्यांनी कार्बोरेटरच्या वरच्या निपलावर नेली. त्याआधी त्या निपलावर माझा अंगठा ठेवायला लावला. आयडलला काहीच नाही, रेस दिली की ओढतंय. “ह्येला असंच पायजे. उभ्या गाडीला घाई न्हाई, पळताना पायजे.”

काटा 16 वर स्थिर झाला. मी म्हणालो, नेटवर तर 17 ते 21 लिहिलंय.

“ते समुद्रावरचं. आपण घाटावर. हजार फुटाला एक इंच सोडायचा.”

कोल्हापूर साधारण अठराशे फुटांवर. म्हणजे मनातल्या मनात 15 ते 19. मी फोन खिशात टाकला.

निघताना त्यांनी एक परीक्षा शिकवली, तुमच्या कुठल्याही बूस्टरवाल्या गाडीवर आज पार्किंगमध्ये करून बघा. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा. पेडल कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली जरासं खाली बसलं पाहिजे. नाही बसलं, तर ऑफिसला रिक्षाने जा आणि गाडी गॅरेजला.

घरी आलो तर बाबांनी काही विचारलं नाही. संध्याकाळी शेडमध्ये दिवा दिसला म्हणून गेलो. बॉनेट उघडं, बाबा चष्मा लावून वाकलेले, हातात पॅटर्नशॉपमधली जुनी पेन्सिल. ड्रॉइंगच्या कागदावर मॅनिफोल्ड वरून आणि बाजूने काढलेला, स्केलमध्ये, प्रत्येक निपलाला आकडा, प्रत्येक नळीला बाण. बूस्टरच्या नळीपाशी वळणाची त्रिज्यासुद्धा लिहिलेली. कागदाला प्लास्टिक लावून त्यांनी तो बॉनेटच्या आतून चिकटवला.

“तीन नंबरची कुठे जाते बघ,” ते म्हणाले. “मला खाली वाकून दिसत नाही आता.”

मी टॉर्च लावला आणि वाकलो.