आधी नाव ठरवा, मग माल संगणकावर चढवा

आपल्या व्यापारी बांधवांपैकी अनेकांचे बिलाचे व साठ्याचे काम आता इंटरनेटवरून चालते. दुकानात फक्त पडदा दिसतो. खरा हिशेब दूर कोठेतरी अनेक संगणकांच्या समूहावर होत असतो. या समूहाला क्लस्टर म्हणतात. एखादे यंत्र बंद पडले तर त्याचे काम दुसऱ्यावर टाकणे, गर्दी वाढली तर हात वाढविणे, ही मुकादमी करणारे ‘कुबर्नेटीस’ नावाचे सॉफ्टवेअर जगभर वापरात आहे. गुगलने ते २०१४ साली सर्वांसाठी खुले केले. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा असा आहे.

हा विषय इंजिनिअरांचा, तो व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही वाचक विचारतील. आम्ही तो घेतला आहे तो त्यातील नावांच्या शिस्तीसाठी.

क्लस्टरमध्ये सॉफ्टवेअरच्या कोणत्याही भागाची जागा कायम नसते. आज तो या यंत्रावर, तर उद्या त्या यंत्रावर. म्हणून त्याला जागेवरून नव्हे, तर त्याला लावलेल्या चिठ्ठीवरून शोधतात. चिठ्ठीत एक अक्षर चुकले तरी काम त्या भागापर्यंत पोहोचत नाही आणि चूक कोठे झाली हेही सहसा कोणी सांगत नाही. चिठ्ठीवर काय लिहावे याची सक्ती नाही. परंतु प्रत्येकाने आपापली भाषा वापरली तर गोंधळ होणार, हे जाणून सहा रकाने सुचविण्यात आले आहेत: नाव, नेमका नग, आवृत्ती, त्याचे काम, तो कोणत्या मोठ्या कामाचा भाग आहे आणि त्याची व्यवस्था कोणत्या साधनाकडे आहे.

नाव घाईने ठेवले की पुढे किंमत मोजावी लागते. या सॉफ्टवेअरमध्ये देखरेख करणाऱ्या यंत्राला ‘मास्टर’ म्हणत आणि राबणाऱ्या यंत्रांना सुरुवातीस ‘मिनियन’, म्हणजे हुजऱ्या, म्हणत. मिनियनचे ‘नोड’ झाले. मालक-गुलामीची आठवण देणारा मास्टर हा शब्द नको, असे २०२० मध्ये ठरले व त्याऐवजी कामावरून ‘कंट्रोल प्लेन’ हे नाव आले. २०२२ च्या १.२४ या आवृत्तीत जुनी चिठ्ठी लावणे थांबले, तेव्हा त्या चिठ्ठीवर विसंबून असलेल्यांना आपली मांडणी दुरुस्त करावी लागली. नावाने काय होते, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता आपल्या दुकानाकडे पाहू. मालेगाव-भिवंडीच्या कापडाचा एकच माल वहीत एका ठिकाणी गिरणीच्या नावाने, दुसऱ्या ठिकाणी रंगाने आणि तिसऱ्या ठिकाणी ‘मामूंचा माल’ म्हणून लिहिलेला असतो. मामू दुकानात आहेत तोवर निभावते. संगणकावर मात्र त्याच्या तीन वस्तू होतात. साठा खोटा दिसतो, नसलेला माल विकला जातो, असलेला पुन्हा खरेदी होतो. भागीदारीत तर नफ्याची वाटणीच चुकते. भागीदाराचा हिस्सा ही अमानत आहे. तेथे नुसती नियत साफ असून भागत नाही, नोंदही साफ हवी.

जीएसटीच्या बिलावर एचएसएन क्रमांक असतोच, असे कोणी म्हणेल. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यास चार अंकी व त्यावर सहा अंकी क्रमांक लागू आहे. पण तो कराच्या सोयीचा आहे. एकाच क्रमांकाखाली दहा प्रकारचे कापड येऊ शकते. आपल्या मालाची आतली नावे आपणच ठरवावयाची आहेत.

आमची सूचना साधी आहे. मालक, मुनीम आणि कारागीर यांनी एकत्र बसून कागदावर रकाने पाडावेत: मालाचे नाव, लॉट, प्रत, उपयोग, कोणत्या ऑर्डरचा आणि कोणाच्या जबाबदारीवर. कारागिराच्या तोंडी असलेले शब्द टाकू नयेत. मालाची खरी ओळख त्यालाच असते. मात्र एका वस्तूला एकच नाव आणि एकच स्पेलिंग ठेवावे. हजरत आदम (अलैहिस्सलाम) यांना अल्लाहने सर्व नावे शिकविली, असे पवित्र कुरआनात आले आहे. नावांचे ज्ञान ज्यांच्याकडे वारशाने आले, त्यांच्या वह्यांत तरी नावांची आबाळ होऊ नये.