घमेल्यातले तीन लिटर

नांदेडहून लातूरला मोटारीने वारंवार जाणाऱ्या माणसास यंत्रातील तेलाविषयी निराळे व्याख्यान देण्याचे कारण नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावे मागे टाकीत, कधी रस्तारुंदीकरणाचा मुरूम तर कधी सोयाबीनच्या मळणीचा भुसा अंगावर घेत तो घरी पोहोचला, की काचेवर बसलेली करडी पूड बोटाने पुसताना, बाहेर एवढी बसली तर आत किती गेली असेल, हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभा राहतो. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत दर दहा हजार किलोमीटरांनी तेल व फिल्टर बदलावा असे बहुधा ठळक अक्षरांत छापलेले असते, आणि धुळीच्या प्रदेशात ही मुदत निम्म्यावर आणावी ही सूचना खाली बारीक अक्षरांत. आम्हा मराठवाड्यातील लोकांचा सगळा कारभार त्या बारीक अक्षरांतच येतो.

सेवानिवृत्तीनंतर हाताशी वेळ आणि अंगात थोडा हट्ट शिल्लक राहिला, म्हणून हे काम मी घरीच करू लागलो; आणि ते गृहस्थाने करण्याजोगे आहे असे माझे मत झाले आहे. फिल्टर म्हणजे मुठीत मावेल न मावेल एवढा पत्र्याचा डबा. आत घड्याघड्यांचा कागद, तोंडाशी रबरी कडे, मधोमध आट्यांचे भोक. पंपाने ढकललेले तेल कडेच्या छिद्रांतून आत शिरते, कागदातून गाळले जाऊन मधल्या भोकाने बेअरिंगांकडे जाते. आणि कागद अगदीच तुंबला तर एक झडप उघडून न गाळलेले तेल तसेच पुढे सोडले जाते, कारण घाणेरड्या तेलावर यंत्र काही काळ तग धरते, तेलावाचून मात्र पाहता पाहता जाम होते. (एवढी व्यवहारबुद्धी कित्येक खात्यांच्या नियमावलीत आढळत नाही.) ही युक्ती पुरातनही नव्हे. १९२३ च्या सुमारास अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ या दोघा अमेरिकनांनी ती मोटारीसाठी सिद्ध केली आणि ‘प्युअर ऑइल लेटर’ या शब्दांचा संकोच करून तिला ‘प्युरोलेटर’ हे नाव दिले. तत्पूर्वी मोटारीचे तेल गाळण्याची म्हणण्यासारखी सोयच नव्हती.

कृतीत गूढ असे काही नाही. गाडी थोडी चालवून तेल कोमट करावे, सपाट जागी उभी करून मागील चाकांना दगड लावावे, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कदापि शिरू नये. खाली भक्कम स्टँड हवाच, हे मात्र आग्रहाने सांगतो. चेंबरचा बोल्ट सोडला की काळीभोर धार घमेल्यात पडू लागते. ती थेंबांवर आली की फिल्टर हाताने, न निघाल्यास पट्ट्याच्या पान्याने सोडवावा. बोल्ट नव्या वायसरसह परत बसवावा, नव्या फिल्टरच्या रबरास ताजे तेल बोटाने चोळावे, रबर बैठकीस टेकेपर्यंत फिल्टर फिरवावा, आणि तेथून पुढे साधारण पाऊण फेरा, तोही हातानेच. मग नरसाळ्याने नवे तेल भरून, पट्टीवरील खूण पाहून, यंत्र सुरू करावे.

पहिल्या खेपेस मी फसलो तो याच टप्प्यावर. जुन्या फिल्टरचे रबरी कडे यंत्रालाच चिकटून राहिले होते, ते माझ्या चष्म्यातून सुटले; आणि एकावर एक अशी दोन कडी बसलेला तो फिल्टर, गळू नये या शहाणपणाने, मी पान्याने करकचून आवळला. गाडी सुरू करताच नवेकोरे तेल अंगणातील फरशीवर असे पसरले, की घरातील मंडळींस ओरडून सांगण्याची गरज उरली नाही. लातूरहून आलेला भाचा खाली डोकावून म्हणाला, “मामा, पान्यानं कशाला आवळलाव? हाताचंच काम असतंय ते,” आणि ते जुने कडे नखाने सोलून त्याने माझ्या तळहातावर ठेवले. बांगडीएवढे ते काळे कडे अद्याप माझ्या खोलीत खिळ्यास अडकवलेले आहे.

परंतु ज्यासाठी लेखणी हाती घेतली ती गोष्ट काम उरकल्यानंतर सुरू होते. हात धुतले, पाने पुसून ठेवले, आणि घमेल्यात सुमारे तीन लिटर काळे तेल उरले. ते न्यावे कोठे? एका शेजाऱ्याने दाराच्या चौकटीस चोपडा, वाळवी लागणार नाही, असा सल्ला दिला. दुसऱ्याने, बांधकामाच्या सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला तो नेईल, असे म्हणत एका ओळखीच्या ठेकेदाराचे नाव सुचविले. तिसऱ्याने काही न बोलता समोरच्या नालीकडे बोट दाखविले. तिघेही सज्जन आहेत. आमच्या आजोबांच्या काळी बैलगाडीच्या कण्यास एरंडेलाचे वंगण असे, आणि ते सांडले तरी माती ते पचवून टाकी. वंगण बदलले, पण सांडलेले वंगण माती पचविते ही जुनी समजूत तेवढी वहिवाटीने आमच्या अंगणात राहिली. मोटारीतून निघालेल्या तेलात झिजलेल्या धातूंची कीट, काजळी आणि अनेक रासायनिक द्रव्ये असतात, आणि यांपैकी काहीही आमच्या काळ्या जमिनीस पचणारे नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा हिशेब असा आहे, की एका मोटारीतून एका वेळी निघालेले तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी नासवू शकते. आपल्या मापाने हे सुमारे ३८ लाख लिटर झाले. हा आकडा लातूरकरांस समजावून सांगावा लागू नये. मांजरा धरण कोरडे पडलेल्या २०१६ च्या उन्हाळ्यात, १२ एप्रिल रोजी, सुमारे ३४० किलोमीटरांवरील मिरजेहून दहा टाक्यांची आगगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, तेव्हा ती वार्ता देशभर गाजली; पुढे पन्नास टाक्यांची गाडी एका खेपेस २५ लाख लिटर आणू लागली. म्हणजे माझ्या घमेल्यातील ऐवज दीड आगगाडी पाणी बाद करण्याची ताकद राखून आहे. नांदेडकरांनीही निश्चिंत राहू नये. आमच्या नाल्यांचा शेवटचा मुक्काम गोदावरीच आहे.

कायदा याबाबतीत मुका नाही. २०१६ च्या नियमांनी वापरलेले तेल घातक कचऱ्यात घातले, आणि २०२३ मधील दुरुस्तीने १ एप्रिल २०२४ पासून तेलाच्या उत्पादकांवर व आयातदारांवर त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली. हे तेल शुद्ध करून त्याचे पुन्हा वंगण होऊ शकते, तेव्हा ते निव्वळ ओझेही नव्हे. तरीही एका कचेरीत मी विचारपूस केली असता दप्तर सांभाळणाऱ्या सद्गृहस्थांनी माझ्या कारखान्याचा परवाना क्रमांक विचारला. कारखाना नाही म्हणताच, मग आपल्यापाशी घातक कचरा असूच शकत नाही, असा तोंडी दाखला देऊन त्यांनी मला मोकळे केले.

गाडी गॅरेजात द्यावी, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही, असे कोणी म्हणेल. पण घरी तेल बदलणे हा माझ्यासारख्या पेन्शनरांचाच छंद आहे, असे मानणाऱ्याने आमचा मुलूख पाहिलेला नाही. येथील ट्रॅक्टरवाला शेतकरी आपले तेल पूर्वापार शेताच्या बांधावर बदलीत आला आहे, आणि त्याच्या एका यंत्राचे तेल माझ्या मोटारीच्या कितीतरी पट असते. त्यामुळे माझी मागणी माफक असली तरी केवळ माझ्यापुरती नाही. ज्या दुकानात तेलाचा सीलबंद डबा विकला जातो त्या दुकानात जुने तेल बिनतक्रार परत घेण्याचे पिंप असावे, आणि ते भरून देणाऱ्यास नव्या डब्यावर चार पैशांची सूट मिळावी, म्हणजे उपदेशाचा खर्च वाचेल. नांदेड व लातूरच्या महानगरपालिकांनी महिन्यातील एका ठरलेल्या रविवारी घंटागाडीबरोबर झाकणाचे एक पिंप पाठविण्याची तजवीज करावी. तालुक्याच्या गावी हेच काम बाजार समितीच्या आवारात व्हावे, कारण शेतकऱ्याचा ट्रॅक्टर तेथे येतोच. आणि जमलेल्या तेलाची रवानगी अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच झाली याची पावती मागून घ्यावी. पैसे देऊन जुने तेल नेणारे आजही गॅरेजांतून फिरतात, परंतु ते तेल पुढे कोठे जळते हे त्यांना विचारण्याची पद्धत नाही.

तोवर माझ्या जिन्याखाली पाच लिटरांचे चार डबे घट्ट बूच लावून, वर तारखेची चिठ्ठी चिकटवून ठेवलेले आहेत. पाचव्यासाठी जागा व्हावी म्हणून परवा सायकल अंगणात काढली. आणि काल लातूरहून भाच्याचा फोन आला, की मामा, माझ्याकडंही दोन भरलेत, येताना आणू का?