परळच्या आधी दोन तपासण्या

घिवली-तारापूरकडे कॅन्सरचं निदान झालं की घरचे परळच्या टाटा रुग्णालयाच्या तयारीला लागतात. ते योग्यच. पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये त्या प्रवासाआधी दोन तपासण्या बोईसर-पालघरलाच व्हायला हव्यात: क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी. गाठ बाजूला पसरली की मूत्रवाहिनी दबते, लघवी मागे तुंबते आणि मूत्रपिंड फुगतं, पुष्कळदा काहीही न दुखता. एकच बाजू तुंबली तर दुसरं मूत्रपिंड काम भागवतं आणि क्रिएटिनिन नॉर्मल येतं. म्हणून सोनोग्राफीही हवीच. मूत्रपिंड बिघडल्याने होणारी मळमळ, थकवा, पायावरची सूज हे सगळं मात्र ‘कॅन्सरमुळेच’ म्हणून सोडून दिलं जातं.

या दुर्लक्षाची किंमत टाटाच्याच अभ्यासातून कळते. 2003 ते 2011 या काळात आजार तिसऱ्या टप्प्यात पोहोचलेल्या 850 स्त्रिया त्यात घेतल्या होत्या. रेडिएशनसोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन दिल्यावर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण 46 वरून 54 टक्क्यांवर गेलं. पण हे औषध मूत्रपिंडाला अपाय करतं. ते आधीच बिघडलेलं असेल तर डोस कमी करावा लागतो किंवा औषधच टाळावं लागतं. वेळीच कळलं, तर मूत्रवाहिनीत स्टेंट किंवा पाठीतून बारीक नळी घालून लघवीला वाट देता येते आणि मूत्रपिंड सावरू शकतं.

टाटाला सगळं पुन्हा तपासतातच, मग इथे खर्च कशाला, असं कोणी विचारेल. पैशांची आणि सोबत जाणाऱ्याच्या सुट्टीची जुळवाजुळव होईपर्यंत दिवस जातात. तुंबलेलं मूत्रपिंड तेवढं थांबत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आजार फारच पुढे गेला असेल तर नळ्यांनी केवळ हाल लांबतात. हे काहींच्या बाबतीत खरं आहे. पण नळी नको म्हणण्याचा हक्क त्या बाईचा आहे, आणि तो बजावायला तिला आपल्या मूत्रपिंडाची अवस्था आधी कळायला हवी. या भागात कॅन्सर म्हटलं की बोट लगेच कारखान्यांकडे आणि अणुवीज केंद्राकडे जातं. प्रदूषणाचा जाब विचारायलाच हवा. मात्र या कॅन्सरमागे जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणू असतो, आणि मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केलेल्या साध्या व्हिनेगर तपासणीने या कॅन्सरने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. ती तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमित व्हावी, आणि निदान झालेल्या प्रत्येकीच्या संदर्भचिठ्ठीवर क्रिएटिनिन व सोनोग्राफीचा निकाल लिहिल्याशिवाय सही होऊ नये.